एकशें आठ नगांची पेटी

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या ओळखीचा एक तरुण मोठ्या उत्साहानें एक पेटी काखेस मारून मजकडे आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून तो नुकताच बाहेर पडला होता आणि घराच्या पडवींत लहानसें दुरुस्तीचें दुकान काढण्याचा त्याचा बेत होता. त्यासाठीं आईनें आपल्या शिलकींतून कांहीं रक्कम त्याच्या हातीं ठेविली होती. तिचा मोठा हिस्सा खर्चून त्यानें ही पेटी घेतली होती. झांकण उघडतांच डोळे दिपावे असाच थाट होता. काळ्या साच्यांत प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराची बैठक. सोन्यासारखीं चकाकणारीं ड्रिलें ओळीनें उभीं. पेचकसाचीं टोंकें, पाने, पकडी, कानशी, वीतभर करवत आणि या सर्वांच्या मधोमध एक हातोडी. नग मोजून एकशें आठ. जपमाळेच्या मण्यांचा हा आंकडा पाहून मला हंसूं येत होतें, पण हंसणें बरें दिसलें नसतें. मीं त्याला एवढेंच विचारलें, "यांतली कानस चालवायची तर काम धरणार कशांत?" त्यानें पेटीकडे पाहिलें. एकशें आठ नगांत शेगडा, म्हणजे कारखान्यांत ज्याला व्हाइस म्हणतात तो, नव्हता. आणि तो घेण्यापुरते पैसे आतां उरले नव्हते.

आज मी जें सांगणार आहें तें त्या पेटीच्या निमित्तानें.

कोणत्याहि अवजाराचें खरें काम त्याच्या फार थोड्या भागांत होत असतें. पटाशीचें काम तिच्या धारेच्या एका रेषेंत होतें, पान्याचें त्याच्या जबड्याच्या समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांत, आणि गुण्याचें तर दोन कडांमधील निव्वळ एका कोनांत. बाकीचा सारा पसारा त्या इवल्याशा भागाला आधार देण्यासाठीं व आपल्या हातांत धरण्यासाठीं असतो. अडचण अशी कीं, हा काम करणारा भागच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. पोलाद कोणत्या जातीचें आहे, त्याला पाणी कसें दिलें आहे, दोन जबडे परस्परांस समांतर आहेत कीं नाहींत, हें दुकानाच्या पायरीवर उभें राहून कळावें कसें? दिसतो तो मुठीचा रंग, दिसते ती पेटी, आणि मोजतां येते ती नगांची संख्या. मग विकणाराहि दिसेल तेथेंच पैसा घालतो, आणि न दिसणाऱ्या ठिकाणीं वांचवितो. यांत त्याचा एकट्याचा दोष आहे असें मला वाटत नाहीं. आपण संख्या मोजतों म्हणून तो संख्या वाढवितो.

त्या सोनेरी ड्रिलांचेंच पाहा. साध्या कार्बन पोलादाला कठीण केल्यावर धार उत्तम येते, परंतु तें तापलें कीं मऊ पडूं लागतें. दोनशें ते अडीचशें अंश सेल्सियसच्या पुढें त्याची कठिणता झपाट्यानें उतरते. लोखंडांत भोंक पाडतांना ड्रिलचें टोंक तितकें तापावयास क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. या अडचणीवर उपाय सांपडला तो १८९८ मध्यें अमेरिकेंतील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनीं टंगस्टन व क्रोमियम मिसळलेल्या पोलादाला नेहमींच्यापेक्षां फार उंच उष्णतामानावर, जवळजवळ वितळण्याच्या उंबरठ्यावर नेऊन पाणी देण्याची रीत शोधून काढली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत या पोलादाचें हत्यार टोंक लालभडक झालें तरी धातु कापीत असलेलें लोकांनीं पाहिलें. त्यालाच हायस्पीड पोलाद हें नांव मिळालें. सुमारें सहाशें अंशांपर्यंत तें आपली कठिणता टिकवून धरतें.

सोनेरी रंग ही त्यानंतरची गोष्ट. निर्वात कोठींत साडेचारशें-पांचशें अंशांवर हायस्पीड पोलादाच्या ड्रिलवर टायटेनियम नायट्राइड नांवाच्या अतिशय कठीण संयुगाचा थर चढवितां येतो. १९८० च्या सुमारापासून हा प्रकार कारखान्यांत रूढ झाला. थराची जाडी असते दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनांचा असतो हें लक्षांत घेतलें म्हणजे कल्पना येईल. खरा थर चांगल्या पोलादावर असेल तर ड्रिल निःसंशय अधिक टिकतें, हें मला नाकारावयाचें नाहीं. पण थराखालचें पोलादच हलकें असेल तर? टोंक तापून आंतून मऊ झालें कीं वरचा थर कितीहि कठीण असो, कच्च्या भिंतीवरील गिलाव्यासारखा तो ढांसळतो. कित्येक स्वस्त ड्रिलांवर तर तो थरहि नसतो, नुसता रंग असतो. आणि खऱ्याखुऱ्या थराचेंहि, एकदां ड्रिलला नव्यानें धार लावली कीं टोंकाच्या मागल्या उतारावर कांहींच शिल्लक राहत नाहीं. म्हणजे ज्याला धार लावतां येते त्याला सोन्याचें फारसें अप्रूप नाहीं. आणि ज्याला धार लावतां येत नाहीं त्याचें सोनेंहि लौकरच बोथट व्हावयाचें.

ड्रिलांत पाहावयाचें तें निराळेंच. टोंकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या व सारख्या कलाच्या आहेत काय? साधारण कामासाठीं त्यांच्यामधील कोन ११८ अंशांचा ठेवतात. एक धार जरा लांब असली तर ड्रिल मध्यापासून ढळतें आणि भोंक मोठें पडतें. पोलादाची जात ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे: तुटलेलें ड्रिल फिरत्या निसण्यावर टेकवा. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या चांदण्यांसारख्या फुटल्या तर तें साधें कार्बन पोलाद. ठिणग्या थोड्या, तांबूस आणि न फुटतां विझणाऱ्या असल्या तर हायस्पीड. त्या तरुणाच्या पेटींतील एक ड्रिल पहिल्याच दिवशीं तुटलेलें होतें. तें आम्हीं निसण्यावर धरलें, आणि दिवाळी अंगणांतून माझ्या पडवींत आली.

त्यांतच दुसरी एक मौज ध्यानांत आली. पेटींत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानें पंचवीस ड्रिलें होतीं. दुरुस्तीच्या दुकानांत नित्य लागणारें काम म्हणजे बोल्टासाठीं आटे पाडणें. सहा मिलिमीटरच्या बोल्टास ५ मिलिमीटरचें भोंक लागतें, दहाच्या बोल्टास ८.५ चें; हीं दोन्ही पेटींत होतीं. परंतु आठाच्या बोल्टास ६.८ लागतें. पेटींत ६.५ होतें, ७ होतें; ६.८ मात्र नव्हतें. कामाचा विचार करून नग निवडलेले नव्हते, पेटी भरावी म्हणून निवडले होते.

संख्येचा हा मोह आजचा नाहीं. अमेरिकेंतील स्टॅन्ले कंपनीनें १८९७ मध्यें ५५ क्रमांकाचा एक रंधा बाजारांत आणला. त्यापूर्वीं तिकडील सुताराला चौकटीच्या कडेला निरनिराळी गोलाई, खांच वा नक्षी काढावयाची तर प्रत्येक आकारासाठीं वेगळा लांकडी रंधा बाळगावा लागे. या नव्या रंध्याबरोबर पन्नासाहून अधिक पातीं मिळत. पातें बदललें कीं नक्षी बदलली. रंधकामाचा अवघा कारखाना एका अवजारांत सामावला आहे, अशा थाटाची त्याची जाहिरात असे. निकेलचा मुलामा, शिसवी मूठ, जागोजाग फिरविण्याचे स्क्रू. दिसावयास तें अवजार खरोखर देखणें होतें, आणि साठ वर्षांहून अधिक काळ तें विकलें गेलें.

घोटाळा कोठें होता तो समजून घेण्यासारखा आहे. जुन्या लांकडी रंध्याचा तळ पात्याच्याच आकाराचा कोरलेला असे. पातें ज्या जागीं लांकडांत शिरतें तिच्या अगदीं पुढें तो तळ लांकडाला दाबून धरतो, त्यामुळें तंतु उचकटण्याआधींच कापला जातो आणि सालपट सुरेख गुंडाळून वर येतें. आतां पन्नास आकारांच्या पात्यांना पुरेल असा एकच तळ कोण कसा बनविणार? तो होऊंच शकत नाहीं. म्हणून या रंध्याला तळाच्या जागीं धातूच्या दोन-तीन अरुंद पट्ट्या दिल्या होत्या. पट्ट्यांच्या जागीं पात्याला आधार. मधला भाग अधांतरीं. लांकूड सरळ रेषेचें, मऊ व बिनगांठीचें मिळालें तर काम निभावे. रेषा जरा उलटा आला कीं टवके उडालेच म्हणून समजा. शिवाय पातें बदललें कीं पट्ट्या, कडेची मार्गदर्शक पट्टी आणि खोलीचा अडसर हें सारें पुन्हां जुळवावयाचें. तेवढ्या वेळांत जुना कारागीर आपला लांकडी रंधा उचलून फळी पुरी करून मोकळा होई. जुन्या वस्तूंच्या बाजारांत आज हे रंधे येतात तेव्हां त्यांचीं पातीं पुष्कळदां मूळच्या खोक्यांत, एकदांहि धार न लावलेलीं, जशींच्या तशीं आढळतात. संग्राहकाला त्याचा आनंद होतो. मला त्या खोक्याच्या मूळ धन्याची कणव येते.

याच्या अगदीं उलट रीत आपल्याकडील सुताराची. तो बाजारांतून फक्त पातें आणी, आणि रंध्याचें घर कठीण लांकडाचें, आपल्या हाताच्या मापानें, स्वतः घडवी. पैसा गेला तो सारा धारेंत गेला. त्या ओबडधोबड दिसणाऱ्या रंध्याला कोणी पेटींत मखमलीवर ठेवणार नाहीं, परंतु हिशेबाच्या दृष्टीनें इतका शहाणा व्यवहार मीं दुसरा पाहिलेला नाहीं.

अलीकडे सोन्याच्या जोडीला आंकडे आले आहेत. मोजणीच्या कॅलिपरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे आंकडे झळकतात. वाचतां येणें वेगळें आणि खरें असणें वेगळें. अशा दीडशें मिलिमीटरच्या साधारण कॅलिपरचा शेवटचा आंकडा दोन-तीन घरें इकडे-तिकडे असूं शकतो हें त्याचे बनविणारेच सांगतात. लेथवर काम करणाऱ्याला हें यंत्र उपयोगी आहे यांत शंका नाहीं. परंतु सुतारानें त्यावर विसंबून फळी मोजावी याचा अर्थ काय? फूटभर रुंदीची सागाची फळी उन्हाळ्यांत मोजा आणि कोंकणच्या पावसांत पुन्हां मोजा. एक-दोन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. शंभरावा भाग मोजून कापलेली फळी श्रावणांत आपलें माप आपणच ठरविते. विजेच्या करवतीवर लाल किरणाची रेघ टाकणारी सोय असते, तिचीहि हीच तऱ्हा. ती रेघच एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची. पात्याची खांच तिच्याहून रुंद. आणि रेघ खांचेच्या कोणत्या कडेची हें प्रत्येक वेळीं आठवावें लागतें. बारीक पेन्सिलीची खूण करून पातें बंद असतांना तिच्याशीं लावून पाहणाऱ्यास या किरणाची उणीव कधीं भासत नाहीं.

असें असलें तरी नवें म्हणून टाकाऊ, किंवा महाग म्हणून लुच्चेगिरी, असा समज कोणी करून घेऊं नये. जुन्या लोकांचा हाहि एक रोग आहे, आणि मजमध्यें तो थोडा असावा. १८७९ च्या सुमारास लॅरॉय स्टॅरेट यांनीं सरकत्या पट्टीचा गुण्या काढला तेव्हां त्यालाहि कांहींजणांनीं खेळणें म्हटलें असेल. परंतु त्यांत एका पट्टीनें काटकोन, पंचेचाळीस अंश आणि खोली हीं तिन्ही मापें खरोखरच घेतां येतात, कारण सारी भिस्त पट्टीच्या एका खांचेवर आहे आणि ती खांच अचूक कापलेली असते. किंमत आहे ती त्या अचूकपणाची. चांगल्या बनावटीचा असा गुण्या भारी पडतो, पण बापानें घेतलेला मुलास उपयोगी पडतो. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनीं १८९२ मध्यें पेटंट घेतलेल्या सरकत्या जबड्याच्या पान्याला जातिवंत फिटर नाकें मुरडतात, कारण जबडा ढिला असला कीं बोल्टाचे कोपरे झिजतात. तरीहि अडल्या वेळीं तो ज्याच्या खिशांत नाहीं असा फिटर मला अजून भेटावयाचा आहे. धार लावतांना पटाशीचा कोन धरून ठेवणारी लहानशी चाकांची गाडी मिळते, तिलाहि मी नांवें ठेवणार नाहीं. नवशिक्याचा हात बसेपर्यंत ती चांगली सोबत करते.

मोबाइलच्या पडद्यावर रोज नवें कांहीं दिसतें. कोणताहि बोल्ट आपोआप पकडणारा सार्वत्रिक पाना त्यांत वारंवार असतो. त्यांत बारीक खिळ्यांची जुडी असते. बोल्टावर दाबला कीं मधले खिळे आंत सरतात आणि कडेचे त्याला वेढतात. ढिल्या बोल्टावर तो झकास चालतो. पण ढिला बोल्ट तर बोटांनींहि निघतो! गंजलेल्या बोल्टावर सारा जोर दोन-चार खिळ्यांवर येतो. ते वांकतात, पाना निसटतो आणि बोल्टाचे कोपरे गोल होऊन बसतात. मग खरा पानाहि तेथें चालत नाहीं.

तो तरुण पेटी परत करावयास गेला होता. दुकानदारानें ती घेतली नाहीं, कारण एक ड्रिल तुटलेलें होतें. मग आम्हीं दोघांनीं बसून पेटींतून उपयोगाचे नग वेगळे काढले: हातोडी, दोन पाने, तीन-चार पेचकस, एक पकड, आणि मऊ कामापुरतीं कांहीं ड्रिलें. शेगड्यासाठीं त्यानें तीन महिने दुसऱ्याच्या कारखान्यांत रोजावर काम केलें. विकत घ्यावयास निघाला त्या दिवशीं त्यानें मला विचारलें, "काका, चांगला कसा ओळखूं?" मीं त्याला वर्तमानपत्राच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या फाडून दिल्या. एक जबड्याच्या डाव्या टोंकाला धरावयाची, एक उजव्या. जबडा हलकेच मिटावयाचा, आणि दोन्ही ओढून पाहावयाच्या. एक घट्ट बसली व दुसरी निसटली तर जबडे समांतर नाहींत, पुढचा शेगडा पाहावा. रविवार पेठेंतल्या तीन दुकानांत त्या पट्ट्या घेऊन तो फिरला. दुसऱ्या दुकानांतल्या मालकानें म्हणे त्याला हंसून बसावयास स्टूल दिलें आणि आंतून वेगळा शेगडा आणावयास सांगितला.