शाळा कुरणांत जाते

दरवर्षीं ९ ऑगस्ट रोजीं जागतिक आदिवासी दिन पाळला जातो. १९८२ सालीं ह्याच तारखेस संयुक्त राष्ट्रसंघाच्या आदिवासींविषयींच्या कार्यगटाची पहिली बैठक जिनीव्हा येथें भरली; तिचें स्मरण म्हणून राष्ट्रसंघाच्या महासभेनें १९९४ सालीं हा दिवस ठरवून दिला. शाळाशाळांतून ह्या दिवशीं तारपा वाजतो, भिंतींवर वारली चित्रें लागतात, भाषणें होतात. आणि दुसऱ्या दिवशीं सारें पूर्ववत् चालूं होतें. हा दिवस पाळून शाळेनें स्वतः काय शिकावयाचें, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आदिवासी म्हणजे कोठें दूर अरण्यांत राहणारे लोक, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मीरा-भाईंदर शहराच्या हद्दींतच, काशीमिऱ्याच्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशीं, आदिवासींचे पाडे आहेत. वसईची खाडी ओलांडली, कीं २०१४ पर्यंत ठाण्याचाच भाग असलेला पालघर जिल्हा लागतो. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी व ठाकूर ह्यांचें तें घर होय. तेव्हां हे लोक आमचे पाहुणे नव्हत, शेजारी होत.

वारली चित्र ही नुसती शोभा नव्हे. गेरूनें अथवा शेणानें सारविलेल्या भिंतीवर, तांदुळाच्या पिठानें, लग्नाच्या वेळीं सवाशिणी चौक लिहितात आणि त्यांत पालघट देवीची स्थापना होते. म्हणजे तो कुटुंबाचा संस्कार आहे. डहाणू तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं ही कला कागदावर व कापडावर आणून जगापुढें ठेविली. २०११ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें.

ह्या वारशाच्या मागें दुःखाचाही इतिहास आहे. लग्नाकरितां सावकाराचें कर्ज काढावें आणि तें फेडण्यासाठीं नवराबायकोनें वर्षानुवर्षें त्याच्या घरीं राबावें, अशा गड्यास लग्नगडी म्हणत. वेठीचा जुलूम तर सर्वत्रच होता. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं वारली एकजुटीनें उभे राहिले, तेव्हां ही बेडी तुटूं लागली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला व त्यांतील पांच जणांनीं प्राण गमाविले.

आतां शाळेचा प्रश्न पाहूं. त्याच १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढिलें आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें त्यांस आढळलें, कीं आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, कारण त्यांस गुरें राखावयाचीं असतात व धाकट्या भावंडांस सांभाळावयाचें असतें. मुलास दोष देणें सोपें होतें. ह्या दोघींनीं तसें न करितां शाळाच मुलांकडे नेली. जेथें गुरें चरत, तेथें शिक्षक जाऊं लागले आणि कुरणशाळा उभी राहिली. महागड्या साधनांच्या जागीं खडे, पानें, बिया व शिंपले आले. तान्ह्या भावंडांसाठीं पाळणाघर झालें. पाड्याच्या अंगणांत भरणारी ती अंगणवाडी. हाच शब्द १९७५ नंतर सरकारी योजनेबरोबर साऱ्या देशांत पसरला.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार ऑस्ट्रेलियांत घडला. तेथील आदिवासींचीं मुलें, विशेषतः १९१० ते १९७० च्या सुमारास, सरकारनें आईबापांपासून हिरावून नेलीं आणि सरकारी संस्थांत, मिशनांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेविलीं. कित्येकांस स्वतःची भाषा बोलण्याची मनाई होती. कित्येकांस आपली आई पुन्हां दिसली नाहीं. ह्याचा चौकशी-अहवाल १९९७ सालीं तेथील संसदेपुढें आला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनीं संसदेंत राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली. आतां तेथील शाळांतून दरवर्षीं समेटाचा सप्ताह पाळतात व आदिवासी कुटुंबांस सन्मानानें बोलावितात. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या-शिकविणाऱ्यांनीं ही हकीकत डोळ्यांआड करूं नये. हेतु कितीही चांगला म्हणून सांगितला, तरी घर तोडून दिलेली विद्या ही विद्या नव्हे.

ह्या दोन उदाहरणांतून एकच कसोटी हातीं येते. शाळा मुलाचें घर पुसते, कीं त्या घराशीं बोलते? वर्गांतील एखादें मूल वारली बोलींत उत्तर देतें, तेव्हां हंसणारा वर्ग आपल्या परीनें त्या मुलाचें घर पुसतच असतो. उलट, त्याच मुलाच्या आजीनें शाळेंत येऊन चौकाचा अर्थ सांगितला आणि साऱ्यांनीं तो मन लावून ऐकिला, तर त्या तासापुरती आजी गुरु होते व आम्ही सारे तिचे विद्यार्थी. समेट म्हणतात तो हाच.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या ९ ऑगस्टला वारली चित्र काढाल, तेव्हां तें कोणाच्या भिंतीवरून आलें तेंही विचारा. आणि पालकहो, आपल्या मुलांस शेजारच्या पाड्याचें नांव ठाऊक आहे कीं नाहीं, हें एकदां पाहा. ताराबाई व अनुताई कुरणापर्यंत चालत गेल्या. आम्हांस तर शेजारच्या बाकापर्यंतच जावयाचें आहे.