तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू द्या

बाळंतपणात दवाखान्याचं काही चुकलं, तर आपण बैठकीत मोकळेपणी बोलतो. मनाच्या आजाराच्या दवाखान्यात चुकलं, तर मात्र बाई गप्प बसते. कारण लगेच कुणीतरी म्हणतं, "तिचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, तिचं काय खरं धरायचं?"

आमच्या एका गटात असंच झालं. दवाखान्यात दाखल असताना आपल्याला दिवसभर पलंगाला बांधून ठेवलं, असं एका सखीनं सांगितलं. घरचे म्हणाले, "सोडून दे, पुन्हा तिथंच जायचंय." आम्ही तिच्यासोबत कायदा समजून घेतला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. साखळीनं बांधणं आणि भूल न देता शॉक देणं त्यात बंद आहे. हातपाय बांधायचे, तर इजेचा धोका अगदी तोंडावर असेल आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून कधीच नाही. का बांधलं, किती वेळ बांधलं, याची नोंद ठेवावीच लागते.

म्हणून पहिलं काम भांडणाचं नाही, कागदाचं. आपल्या उपचाराचे कागद मागण्याचा तिला हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तारखा, वेळा, कोण हजर होतं, हे आठवतंय तोवर वहीत लिहा.

मग तिला विचारा, बाई, तुला काय हवंय? माफी, पैसे परत, की पुढच्या बाईवर ही वेळ येऊ नये? त्यावर वाट ठरते. आधी दवाखान्याच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार. उत्तर पटलं नाही, तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज. त्याला फी नाही. ९० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न मंडळानं करायचा असतो. सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे गावभर बोभाटा होईल ही भीती थोडी कमी होते. तिची संमती असेल, तर नोंदणीकृत संस्थाही तिच्या वतीनं अर्ज करू शकते. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येतं. वकील हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तो मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

एक जपा. रागाच्या भरात गोळ्या एकदम बंद करू नका. त्या दवाखान्यात जायचं नसेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर बोला.

एवढं कळूनही ती "नको" म्हणाली, तर तिला भित्री ठरवू नका. झेपेल किती, हे तिलाच ठाऊक. "हो" म्हणाली, तर तारखेला एकटी पाठवू नका. कर्जाच्या कामाला बँकेत आपण दोघी-तिघी जातोच की. इथंही तसंच जायचं.