हिपॅटायटिस विषाणूंचे जनुकप्रकार ओळखण्याच्या प्रयोगशाळा पद्धती

यकृतशोथ, म्हणजेच हिपॅटायटिस, घडवून आणणाऱ्या एकाच विषाणूच्या निरनिराळ्या वाणांमध्ये आनुवंशिक घडणीचे ठळक फरक आढळतात. या फरकांवरून पाडलेल्या गटांना जनुकप्रकार किंवा जीनोटाइप असे म्हणतात. रुग्णाच्या रक्तातील विषाणू कोणत्या गटातील आहे हे ठरविण्याच्या प्रयोगशाळा पद्धतींची माहिती या लेखात दिली आहे. भर मुख्यतः हिपॅटायटिस सी विषाणूवर आहे, कारण या तपासणीवर रुग्णाचा औषधोपचार सर्वांत अधिक काळ अवलंबून राहिला तो याच आजारात.

येथे एक गोंधळ आरंभीच दूर करणे इष्ट. ए, बी, सी, डी आणि ई ही जनुकप्रकारांची नावे नव्हेत. ते पाच सर्वस्वी वेगळे विषाणू आहेत. जनुकप्रकार हे त्या प्रत्येकाच्या पोटातील भेद होत. बी विषाणूच्या जनुकप्रकारांनाही पुन्हा ए, बी, सी अशीच अक्षरे दिली गेल्याने वाचकाची गैरसोय होते खरी.

विषाणूत भेद का पडतात

हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध १९८९ साली जाहीर झाला. त्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांची आरएनएची एकेरी साखळी. तिची नक्कल करणाऱ्या एन्झाइमाला झालेली चूक तपासून दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरे बदलतात आणि शतकानुशतकांनंतर मूळ एक असलेले वाण परस्परांपासून फार दूर जातात. पोथीवरून पोथी उतरविताना पाठभेद वाढत जावेत, तसाच हा प्रकार आहे. आज या विषाणूचे आठ जनुकप्रकार मानले जातात. दोन जनुकप्रकारांत साधारण ३० ते ३५ टक्के न्यूक्लिओटाइडे भिन्न असतात. एकाच जनुकप्रकाराच्या दोन उपप्रकारांत, उदाहरणार्थ १ए व १बी यांत, हा फरक साधारण १५ ते २५ टक्के असतो. भारतात प्रकार ३ सर्वाधिक आढळतो व त्याखालोखाल प्रकार १. ईशान्येकडील राज्यांत प्रकार ६ही आहे. इजिप्तमध्ये प्रकार ४चे प्राबल्य आहे.

हे बदल जनुकसंचात सर्वत्र सारखे पसरलेले नसतात, आणि पुढील सर्व पद्धतींचे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात. साखळीच्या आरंभीचा, प्रथिन न बनविणारा सुमारे ३४० न्यूक्लिओटाइडांचा भाग जवळजवळ स्थिर असतो. पेशीतील रायबोसोम तेथेच येऊन बसतो, म्हणून तेथील बदल विषाणूला परवडत नाही. याउलट बाह्यावरणाची प्रथिने घडविणारे ई१ व ई२ हे भाग झपाट्याने बदलतात. गाभ्याच्या प्रथिनाचा भाग आणि पॉलिमरेज एन्झाइम घडविणारा एनएस५बी हा भाग यांच्या दरम्यान मोडतात. स्थिर भाग प्रत्येक नमुन्यात हमखास सापडतो, पण भेद कमी सांगतो. बदलता भाग भेद अधिक सांगतो, पण तो पकडणे अवघड जाते.

नमुना

या तपासणीसाठी रक्तात विषाणूचा आरएनए प्रत्यक्ष असावा लागतो. केवळ प्रतिपिंडांची चाचणी होकारार्थी असून चालत नाही, कारण बरा झालेल्या माणसाच्या रक्तातही प्रतिपिंडे राहतात. आरएनए लवकर विघटित होतो, म्हणून रक्तद्रव वेळेवर वेगळा करून थंड ठेवतात. त्यातून आरएनए काढून प्रथम त्याची डीएनए प्रत बनवितात व नंतर पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने, म्हणजे पीसीआरने, हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करतात. विषाणूंची संख्या फार कमी असल्यास प्रती पुरेशा निघत नाहीत आणि जनुकप्रकार ठरविता येत नाही. असा अहवाल म्हणजे विषाणू नाही असा निर्वाळा नव्हे.

क्रमनिर्धारण

तुकड्यातील न्यूक्लिओटाइडांचा क्रम अक्षरशः वाचून काढणे ही सर्वांत विश्वासार्ह पद्धत समजली जाते. त्यासाठी बहुधा एनएस५बी किंवा गाभा-ई१ या भागातील सुमारे ३०० ते ४०० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा घेतात आणि सँगर पद्धतीने त्याचा क्रम वाचतात. मग तो ज्ञात वाणांच्या क्रमांशी ताडून संगणकावर वंशवृक्ष तयार करतात. नमुना ज्या फांदीवर बसेल तो त्याचा जनुकप्रकार. पाठभेद ताडून हस्तलिखितांची कुळे लावणाऱ्या अभ्यासकाचे काम याहून फारसे वेगळे नसते. एकाच रुग्णात दोन प्रकार मिसळलेले असतील, तर या पद्धतीत बहुसंख्य विषाणूच दिसतो. अल्पसंख्य विषाणूही टिपण्यासाठी अलीकडे नव्या पिढीचे क्रमनिर्धारण वापरतात. त्यात लक्षावधी तुकडे स्वतंत्रपणे वाचले जातात. खर्च व संगणकीय कौशल्य यांमुळे ते मोठ्या केंद्रांपुरते राहिले आहे.

पट्टीवरील संकरण

रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे अधिक चालली ती रेषा-प्रोब चाचणी. नायट्रोसेल्युलोजच्या अरुंद पट्टीवर निरनिराळ्या जनुकप्रकारांशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रोब, आडव्या रेषांत आधीच चिकटविलेले असतात. पीसीआरने तयार केलेल्या प्रतींना बायोटिन जोडलेले असते. ठरावीक तापमानाला पट्टी या द्रावात ठेवली की प्रती आपापल्या पूरक प्रोबला बिलगतात व न जुळणाऱ्या धुतल्या जातात. पुढे बायोटिनला धरणारे एन्झाइम व रंगद्रव्य घातल्यावर जुळलेल्या रेषा जांभळट-तपकिरी उमटतात. त्या कोणत्या जागी आहेत हे तक्त्याशी ताडून उत्तर मिळते.

आरंभीच्या पट्ट्यांवर केवळ स्थिर भागाचे प्रोब होते. आग्नेय आशियातील प्रकार ६च्या काही उपप्रकारांचा हा भाग प्रकार १शी तंतोतंत जुळतो. परिणामी ते प्रकार १ म्हणून नोंदले जात. १ए व १बी यांतही गल्लत होई. पुढील आवृत्तीत गाभ्याच्या भागाचे प्रोब वाढविल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला. तरीही पट्टी केवळ आधी माहीत असलेल्या प्रकारांचेच उत्तर देऊ शकते. कॅनडात राहणाऱ्या, मूळच्या पंजाबातील चार रुग्णांमधील विषाणू हा प्रकार ८ होय हे २०१८ साली ठरले ते क्रमनिर्धारणामुळे.

इतर पद्धती

रिअल-टाइम पीसीआरमध्ये जनुकप्रकारनिहाय प्रोबना प्रकाशमान रंग जोडलेले असतात. कोणता रंग चमकतो त्यावरून काही तासांत उत्तर मिळते आणि नळी उघडावी न लागल्याने नमुने परस्परांत मिसळण्याचा धोका कमी होतो. त्याआधी प्रकारनिहाय प्रायमर वापरणे, किंवा प्रती ठरावीक ठिकाणी कापणाऱ्या एन्झाइमांनी तोडून जेलवर त्यांच्या लांबीचा नमुना पाहणे, या स्वस्त पण वेळखाऊ पद्धती प्रचलित होत्या. एनएस४ प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून प्रकार ओळखणारी चाचणीही आहे. तिच्यातून उपप्रकार कळत नाहीत आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत ती अनेकदा निरुत्तर राहते.

जेव्हा एक तुकडा फसवितो

२००२ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे असा विषाणू आढळला की ज्याचा आरंभीचा भाग २के या उपप्रकाराचा, तर उरलेला १बीचा होता. दोन विषाणूंच्या संकरातून तो निर्माण झाला होता. स्थिर भाग पाहणारी चाचणी त्याला निःशंकपणे प्रकार २ म्हणते. एनएस५बी वाचले तर तोच विषाणू १बी ठरतो. दोन्ही उत्तरे आपापल्या तुकड्यापुरती खरीच. सोफोसबुविर व रिबाव्हिरिन ही प्रकार २साठीची औषधजोडी अशा रुग्णांना दिली गेली, तेव्हा ती अनेकांत निष्फळ ठरली, कारण औषध ज्या एन्झाइमावर काम करते ते या विषाणूत प्रकार १चे असते. जॉर्जिया देशात प्रकार २ म्हणून नोंदलेल्या रुग्णांची फेरतपासणी केली असता त्यांतील बहुसंख्य याच संकराचे निघाले. तेव्हापासून अशा प्रदेशांतील रुग्णांच्या जनुकसंचाचे दोन दूरचे भाग तपासावेत, अशी शिफारस केली जाऊ लागली.

बी व ई विषाणू

हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए जनुकसंच सुमारे ३,२०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आटोपशीर असल्याने तो संपूर्ण वाचणेही शक्य असते. १९८८ साली जपानी संशोधकांनी १८ संपूर्ण जनुकसंच ताडून ए ते डी हे चार गट पाडले. ८ टक्क्यांहून अधिक फरक ही सीमा तेव्हापासून रूढ झाली. आता ही अक्षरे जेपर्यंत पोहोचली आहेत. भारतात डी व ए हे प्रमुख आहेत. तोंडाने घ्यावयाच्या औषधांची निवड त्यावर अवलंबून नसल्याने नित्य तपासणी केली जात नाही. इंटरफेरॉनला मात्र ए प्रकार डीपेक्षा चांगला प्रतिसाद देतो.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूचा जनुकप्रकार प्रामुख्याने साथीच्या उगमाचा शोध घेण्यासाठी पाहतात. प्रकार १ व २ केवळ माणसांत, तर ३ व ४ डुकरांसारख्या प्राण्यांतही आढळतात. भारतातील माणसांमध्ये प्रकार १ सापडत असताना येथील डुकरांत प्रकार ४ असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले. त्यामुळे आपल्याकडील साथींचा ठपका डुकरांवर ठेवता येत नाही.

आजचे स्थान

इंटरफेरॉनच्या काळात हिपॅटायटिस सीच्या प्रकार १ला ४८ आठवडे, तर २ व ३ला २४ आठवडे उपचार द्यावे लागत. अहवालातील एका अंकाने रुग्णाचे कष्ट व खर्च दुप्पट होत. सर्व जनुकप्रकारांवर चालणारी औषधे आल्यावर ही स्थिती पालटली. भारताच्या २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जनुकप्रकार न पाहताच उपचार सुरू करता येतात. खेड्यापाड्यांतील रुग्णाच्या दृष्टीने हे निश्चितच हिताचे झाले. तथापि उपचार अयशस्वी ठरल्यास, किंवा प्रकार ३ची शक्यता असलेल्या सिऱ्होसिसच्या रुग्णात, ही माहिती अजूनही उपयोगी पडते. विषाणू पुन्हा दिसू लागला, तर तो जुनाच उफाळला की नवा संसर्ग झाला, हेही त्यावरून ठरविता येते.

संसर्गाचा स्रोत शोधताना मात्र केवळ जनुकप्रकार पुरत नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे एका भूलतज्ज्ञाकडून शेकडो रुग्णांना हिपॅटायटिस सीची लागण झाल्याचा आरोप होता. त्याच्याकडील विषाणू १ए हा होता. पण १ए तर त्या शहरातील कोणातही असू शकला असता. म्हणून झपाट्याने बदलणाऱ्या ई१-ई२ भागातील क्रम ताडून प्रत्येक रुग्णाचा विषाणू भूलतज्ज्ञाच्या विषाणूच्या फांदीवर बसतो की स्थानिक वाणांच्या, हे पाहिले गेले. काही रुग्ण या तपासणीत वगळले गेले. २००७ साली न्यायालयाने त्याला २७५ रुग्णांना संसर्गित केल्याबद्दल दोषी ठरविले.