लेकीचा घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

ताईंनो, पालघर-बोईसरकडे मुली कबड्डी खेळतात. चढाईत घोटा मुरगळला की आपण लगेच गरम तेलाने चोळतो (माझ्याही घरी हेच). पहिले दोन दिवस चोळू-शेकू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं धरा, पाय उशीवर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

सूज उतरली, तरी हाडांना बांधणारं लिगामेंट भरलेलं नसतं. रविवारी सामना म्हणून पोरगी दुखणं लपवते, अन् तीच जागा पुन्हा जाते. दुखणं थांबल्यावर रोज भिंतीजवळ एका पायावर उभं राहायला, टाचा उचलायला लावा. त्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या की मगच मैदान. गुडघा अडकत किंवा निसटत असेल तर मात्र थेट हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.