राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करताय? नोटीस लागायची वाट बघू नका, कोणती संधी कधी येते ते आधीच समजून घ्या

"राज्यशास्त्र घेऊन काय करणार, आमदार होणार का?" कला शाखेला प्रवेश घेतलेल्या पोराला गावात हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणारा चेष्टेत विचारतो, पण पोराकडं उत्तर नसतं आणि आईबापाकडंही नसतं. मग तीन वर्षं कॉलेजात नाव, परीक्षेपुरतं येणं-जाणं आणि बाकीचा वेळ शेतात किंवा पुण्याकडं कंपनीत, असं चालतं. पदवी हातात पडते तोवर बरंच काही निघून गेलेलं असतं.

खरं तर राज्यशास्त्राच्या पोरापोरींना संधी कमी नाहीत. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, सूचना उशिरा पोहोचते. ती विद्यापीठातून कॉलेजात, कॉलेजातून नोटीस बोर्डावर आणि तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली असते. दुसरं, बऱ्याच संधींना वयाची, टक्क्यांची आणि कागदपत्रांची अट असते. ती अट नोटीस आल्यावर पूर्ण करता येत नाही, तिची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. म्हणून कोणत्या वर्षात काय करायचं, ते इथं क्रमानं दिलं आहे.

पहिलं वर्ष : एनएसएस आणि मतदार यादी

प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, साठी नाव द्यावं. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. एका युनिटमध्ये साधारण १०० स्वयंसेवक असतात, त्यामुळं उशिरा गेलं की जागा भरलेल्या असतात. वर्षाला १२० तास याप्रमाणं दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं.

शिबिर म्हणजे नुसतं खराटा घेऊन फोटो काढायचं काम, असा अनेकांचा समज आहे. पण राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परक्या गावात सात दिवस राहून तिथली ग्रामपंचायत, पाण्याचे वाद, वाड्या-वस्त्यांचं राजकारण जवळून बघायला मिळतं. पुस्तकातला पंचायत राजचा धडा तिथं डोळ्यासमोर येतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात एनएसएससारख्या उपक्रमांना क्रेडिटही आहे.

दुसरं काम मतदार यादीचं. पूर्वी नाव नोंदवायला वर्षातून १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. त्या तारखेला १८ वर्षं पूर्ण होत असतील तर नमुना ६ भरता येतो. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. कॉलेजात निवडणूक साक्षरता मंडळ असेल तर त्यात जरूर सामील व्हा. मतदार नोंदणी, २५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिवस, मतदान यंत्राची माहिती ही कामं मंडळामार्फत होतात. निवडणूक नेमकी कशी घेतात, हे तिथं हातानं काम करून शिकता येतं.

दुसरं वर्ष : बोलायला शिका

राष्ट्रीय युवा संसद महोत्सव २०१९ पासून सुरू झाला. वयाची अट १८ ते २५. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या आहेत आणि शेवटची पायरी थेट दिल्लीत संसदेत आहे. २०२५ मध्ये नोंदणी 'माय भारत' या केंद्र सरकारच्या पोर्टलवर झाली आणि आधी एक मिनिटाचा व्हिडिओ मागवला होता. म्हणजे पहिल्या फेरीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचीही गरज नव्हती, मोबाईल पुरेसा होता. पण ज्यांनी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवलं नव्हतं, त्यांना हे कळलंच उशिरा.

म्हणून 'माय भारत' वर आजच नाव नोंदवून ठेवा. हे पोर्टल ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालं आणि १५ ते २९ वयोगटासाठी आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

गावाकडच्या पोरांची खरी अडचण भाषणाची असते. विषय माहीत असतो, पण माईक हातात आला की घसा कोरडा पडतो. याला एक साधा उपाय आहे, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास बहुतेक गावांत ग्रामसभा होते. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तिथं उभं राहून एक प्रश्न नीट, शांतपणे, कागद हातात घेऊन विचारला तरी पुष्कळ सराव होतो. मुलींनी तर आवर्जून जावं. राज्यात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण सभेत बोलणाऱ्या बाया अजून बोटावर मोजण्याइतक्याच दिसतात.

प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आणू नका

नव्या धोरणानुसार आता पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि कामावरचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, आलं आहे. ओजेटीला साधारण ४ क्रेडिट, म्हणजे १२० तासांचं काम धरतात. अनेक ठिकाणी पोरं काय करतात? झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते, नाव बदललं की झालं. गुण मिळतात, पण हातात काही राहत नाही. उद्या मुलाखतीत "तुमचा प्रकल्प कशावर होता?" असं विचारलं की तोंड उघडत नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी लांब जायची गरजच नाही. आपली ग्रामपंचायत हाच विषय घ्या. केंद्राच्या 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलवर गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च बघता येतो. पोर्टलवर जे काम पूर्ण दाखवलंय ते जागेवर आहे का, आराखड्यात घेतलेलं कोणतं काम राहिलं आणि का राहिलं, ग्रामसभेला किती लोक हजर होते, एवढंच तपासलं तरी चांगला प्रकल्प होतो. कागद मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानं अर्ज करता येतो. अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. त्यामुळं अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच टाकावा.

एक सांभाळायचं. प्रकल्प म्हणजे कुणाचं वैर काढायची जागा नव्हे. सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी भेटा, कॉलेजचं पत्र द्या, त्यांचीही बाजू लिहा. गावात राहायचंय, हे विसरून चालत नाही.

तिसरं वर्ष आणि पुढं : वय, टक्के आणि अनुभव

मुख्यमंत्री फेलोशिप हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण अटी थोड्यांनाच माहीत असतात. हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, मध्ये बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०२५-२६ च्या अटी बघा : जागा ६०, वय २१ ते २६, कोणत्याही शाखेची पदवी किमान ६० टक्क्यांनी, एक वर्षाचा पूर्णवेळ कामाचा अनुभव, आणि मराठी चांगली येणं आवश्यक. पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिपही अनुभवात धरली होती. निवड झालेल्यांना महिन्याला प्रवासखर्चासह ६१,५०० रुपये होते. आधी ऑनलाइन परीक्षा, मग निबंध आणि मुलाखत.

आता हिशोब करा. पदवी २१ व्या वर्षी झाली, अनुभवाचं एक वर्ष धरलं, तर अर्ज करायला चार वर्षांच्या आसपासच वेळ मिळतो. ५८ टक्के पडले तर तोही नाही. अंतिम सीजीपीए सहाही सेमिस्टरची गोळाबेरीज करून निघतो. पहिल्या वर्षी "पास झालं की बस" म्हणणाऱ्याला तिसऱ्या वर्षी कितीही धावाधाव करून ते भरून काढणं अवघड जातं.

स्पर्धा परीक्षांत राज्यशास्त्र थेट उपयोगी पडतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात. खुल्या गटाला वय २१ ते ३२ आणि सहा संधी. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता तिथंही वैकल्पिक विषय आहे आणि लिहिण्याची सवय महत्त्वाची झाली आहे. गाईड पाठ करून पदवी घेतलेल्याला हा बदल जड जाईल. ज्यानं तीन वर्षं स्वतः उत्तरं लिहिली, त्याला सोपा जाईल.

तयारीसाठी पुण्याला खोली करून राहणं सगळ्यांना परवडत नाही. त्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी मोफत प्रशिक्षण देतात. त्यांच्या जाहिराती वर्षातून ठराविक वेळी येतात आणि निवड चाचणी असते. कर्ज काढून क्लास लावण्याआधी घरच्यांनी या संस्थांची संकेतस्थळं एकदा बघावीत.

परीक्षांशिवायही वाटा आहेत. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची सीईटी असते आणि खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात. एम.ए.साठी दिल्ली विद्यापीठ, जेएनयू अशा ठिकाणी सीयूईटी-पीजी परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही ती देऊ शकतात. एम.ए.ला राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन घेतलं, तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे होणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गाची संधी असते. तिथं विद्यार्थ्यांना विधिमंडळाचं काम जवळून बघायला मिळतं. इंग्रजी लिहिण्यावर हात बसलेल्यांसाठी दिल्लीत पीआरएस या संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप आहे. त्यात वर्षभराच्या आत-बाहेर खासदारासोबत काम करता येतं.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी काय करायचं?

घर चालवायला कंपनीत जावं लागतं, हे अनेक घरांतलं वास्तव आहे. त्यात कमीपणा नाही. अशा पोरांनी रोजच्या कॉलेजात खोटी हजेरी लावण्यापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करावं. ती पदवी यूपीएससी, एमपीएससीला चालते. कंपनीचं नेमणूक पत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा. जिथं अनुभव मागतात, तिथं त्याच कामाला येतात.

कागदपत्रं : इथंच घोडं अडतं

अर्ज राहतो तो बहुतेक वेळा कागदामुळं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय कार्यालयातून मिळतं. जात पडताळणीला वेळ लागतो, ती शेवटच्या वर्षावर ढकलू नका. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्यानं किंवा नूतनीकरण म्हणून भरावाच लागतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तीही याच पोर्टलवर. सोयाबीनच्या काढणीच्या गडबडीत हे अर्ज मागं पडतात, म्हणून दाखले जून-जुलैतच काढून ठेवावेत.

फसव्या नोटिशीपासून सावध

"तुमची निवड झाली आहे, आज रात्रीपर्यंत नोंदणी फी पाठवा" असे मेसेज आता फार फिरतात. काही खऱ्या अर्जांनाही शुल्क असतं, पण ते अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं असतं आणि त्याची पावती लगेच मिळते. कुणाच्या खासगी नंबरवर पैसे मागितले की समजावं, फसवणूक आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' नं संपतो. शंका आली तर कॉलेजच्या कार्यालयात किंवा राज्यशास्त्राच्या सरांना, मॅडमना विचारा.

वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावा

जून-जुलै : दाखले, एनएसएस नोंदणी.
ऑगस्ट ते ऑक्टोबर : महाडीबीटी अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, २ ऑक्टोबरची ग्रामसभा.
डिसेंबर-जानेवारी : एनएसएस शिबिर, सीयूईटी-पीजीचे अर्ज, २५ जानेवारीचा मतदार दिवस.
जानेवारीपासून पुढं : कायद्याच्या सीईटीचे अर्ज, युवा संसदेच्या सूचना.
मुख्यमंत्री फेलोशिपची तारीख ठरलेली नसते, त्यामुळं महिन्यातून एकदा संकेतस्थळ बघायची सवय लावा. तारखा आणि अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षाची जाहिरात पूर्ण वाचा.

आईबापांनीही एक करावं. पोराला "पेपर कसा गेला?" विचारता, तसं महिन्यातून एकदा "कॉलेजात कसली नोटीस लागली?" हेही विचारा. आमदार होणं न होणं पुढची गोष्ट. ग्रामपंचायतीला उभं राहायला वयाची २१ वर्षं पुरी लागतात, आणि पदवीही साधारण त्याच वयात हातात पडते. गावचा आराखडा वाचता येणारं, ग्रामसभेत न घाबरता बोलणारं पोरगं किंवा पोरगी प्रत्येक गावाला हवी आहे.

ही माहिती आपल्या गावातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांपर्यंत जरूर पोहोचवा.