कपड्यांस ऊन दाखवा

बाराव्या शतकात कल्याणहून शरणमंडळी उळवीच्या वाटेस लागली, तेव्हा पाठीवर आलेल्या सैन्यास अडवीत जो लढत राहिला तो मडिवाळ माचय्या धंद्याने परीट होता, असे परंपरा सांगते. ज्या गावी श्री चन्नबसवेश्वरांची समाधी आहे, त्या गावाच्या कथेत एका परटास असे मानाचे स्थान आहे. म्हणून न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत धुतलेल्या कपड्यांविषयी चार शब्द लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

कपडे धुवावेत हे कोणास सांगावे लागत नाही. परंतु धुणे म्हणजे अर्धेच काम. कपडा नीट वाळला म्हणजे ते पुरे होते, आणि या दुसऱ्या अर्ध्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते.

उळवीस दोन ऋतू अगदी वेगळे अनुभवास येतात. माघातील जत्रेच्या सुमारास आभाळ निरभ्र असते. धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या जोडून आलेले यात्रेकरू सकाळी स्नान करून धोतरे-लुगडी वाळत घालतात, ती दुपारपर्यंत खडखडीत होतात. तेच आषाढ-श्रावणात जोयडा तालुक्याच्या या रानात पंचासुद्धा दोन-दोन दिवस ओला राहतो आणि त्यास कुबट वास येऊ लागतो. कपडा तोच, साबण तोच. मग फरक कशाने पडतो?

पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती वाफ वाहून नेण्यास कोरडा वारा लागतो. पावसाळ्यात हवेतच ओल भरलेली असते, ती आणखी ओल घेत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास विजेच्या हिशेबाने सुमारे पाऊण युनिटास थोडी कमी इतकी शक्ती खर्च होते. समजा, पिळलेल्या बादलीभर कपड्यांत तीन लिटर पाणी उरले, तर ते घालविण्यास दोन युनिटे झाली. कपडे वाळविण्याचे यंत्र हा खर्च वीजबिलावर टाकते. अंगणातील दोरीवर तोच खर्च सूर्यनारायण करतो आणि बिल पाठवीत नाही.

परंतु पैशाहून आरोग्याचा लाभ मोठा आहे. १८७७ साली डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी दाखवून दिले की, उन्हात ठेवलेल्या नळीतील द्रवात जंतू वाढत नाहीत, आणि प्रकाश अडवून झाकून ठेवलेल्या नळीतील द्रव मात्र नासतो. उन्हातील अतिनील किरण हे काम करतात. खिडकीची काच त्यांतील बराच भाग अडविते, म्हणून काचेआड घातलेल्या कपड्यास उजेड मिळाला तरी उन्हाचा पुरता गुण मिळत नाही.

कुबट वासाचे कारणही आता कळले आहे. २०१२ साली जपानी संशोधकांनी हा वास निर्माण करणारा मोराक्सेला नावाचा जंतू शोधून काढला. हा मोठा चिवट, ऊन आणि कोरडेपणा पुष्कळ सोसणारा. तेव्हा केवळ ऊन दाखवून भागत नाही. आधी साबणाने मळ काढावा आणि मग कपडा लवकर वाळवावा, म्हणजे त्यास वाढण्यास सवड मिळत नाही. गेल्या काही वर्षांत नायट्याचा उपद्रव आपल्या देशात फार वाढला आहे. त्यावर औषध देताना वैद्यमंडळी रुग्णाचे कपडे वेगळे धुऊन, उलटे करून उन्हात वाळविण्यास व इस्त्री करण्यास सांगतात, ते याचसाठी.

वाळत घालण्याची रीतही पाहावी. पिळा सोडून कपडा झटकावा, म्हणजे सुरकुत्या जातात व हवा खेळते. एकावर एक न टाकता मध्ये वीतभर अंतर ठेवावे. रंगीत कपडे उलटे करून घालावेत. रेशमी वस्त्र सावलीतच वाळवावे, कारण उन्हाने रंग विटतो आणि रेशीम कमजोर होते. गोधड्या, वाकळा व उशा रोज धुता येत नाहीत. त्यांना उघडीप मिळताच ऊन दाखवावे.

रानाकाठच्या गावात आणखी एक सावधगिरी हवी. कुंपणावर, झुडुपांवर किंवा गवतावर कपडे पसरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. परंतु गोचिडांचा वावर अशाच ठिकाणी असतो. गोचिडांच्या चाव्याने होणारा माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेला. पुढे तो आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळला, आणि २०१६ साली सिंधुदुर्गातही त्याची साथ आली. थंडी व उन्हाळा हाच त्याचा मोसम, म्हणजे नेमका कपडे बाहेर घालण्याचा. म्हणून अंगण झाडून घ्यावे व कपडे जमिनीपासून उंच, दोरीवरच घालावेत. रानातून आल्यावर अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवावेत.

पावसाळ्यात काय करावे, असे भगिनी विचारतील. निजण्याच्या खोलीत ओले कपडे टांगू नयेत. त्यांची सारी ओल त्याच हवेत उतरते, भिंतींना बुरशी धरते आणि दमेकऱ्यांस त्रास होतो. चुलीवरच्या दांडीवर टाकल्यास धूर भरतो, आणि विस्तवाचे भय असते ते निराळेच. पडवीत, वर छप्पर आणि बाजूने वारा अशा जागी दोरी बांधावी. धुणे साठवू नये, थोडे-थोडे काढावे. तान्ह्या बाळाची दुपटी व लंगोट पडवीत वाळवून वर गरम इस्त्री फिरवावी.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः हा लेख लिहिला, ते सांगतो. घरातील पुरुषांची धोतरे, सदरे दोरीवर दिमाखाने वाळतात. बायकामुलींचे आतले कपडे मात्र लुगड्याखाली दडवून, आणि मासिक पाळीतील घड्या तर माळ्यावर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, अंधारात व ओलीत वाळतात. म्हणजे ज्या कपड्यास उन्हाची सर्वांत अधिक गरज, त्यासच ते मिळत नाही. अर्धवट ओली घडी नाजूक कातडीस लागून खाज, पुरळ व दुखणी येतात, आणि लाजेपायी ती सांगितलीही जात नाहीत. केंद्र सरकारने २०१५ साली या स्वच्छतेविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. आरोग्यसेविकाही हेच सांगतात : घडी साबणाने धुवावी, उन्हात पूर्ण वाळवावी, स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवावी.

यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. तरीही आडोसा हवा असेल तर परसात ऊन येईल अशा जागी एक दोरी निराळी बांधावी. ही दोरी बांधण्याचे काम घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्याने ती बांधली म्हणजे सुनेस व लेकीस कोणापासून लपविण्याचे कारण उरत नाही.

दोन खांब, चार वाव दोरी व मूठभर चिमटे, इतकाच हा खर्च. येत्या जत्रेपूर्वी आपल्या सभासदांच्या प्रत्येक घरी ही दुसरी दोरी बांधली जावी, अशी आम्ही श्री चन्नबसवेश्वरांच्या चरणी प्रार्थना करतो.