स्कर्ट बेतताना

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ आपण सगळ्यांनीच घासलंय. सिलिंडर, कोन उलगडून कागदावर सपाट करायचे. गोलाचं मात्र तसं जमत नाही. संत्र्याची साल टेबलावर दाबली की फाटतेच. स्कर्ट बेतणं हा याच चॅप्टरचा उलटा प्रॉब्लेम. कापड सपाट, अंग गोलाईचं, आणि अंग काही कुणाच्या चार्टप्रमाणे बनलेलं नसतं.

मापं तीन : कंबर, सीट (हिप्सचा सर्वांत मोठा घेर, टेलर लोक हाच शब्द वापरतात) आणि कंबरेपासून सीटपर्यंतची खोली. ही खोली पुस्तकात 8 इंच देतात, पण आपली आपण टेपने मोजावी. समजा, कंबर 28, सीट 38. बसता-उठता यावं म्हणून कंबरेत 1 आणि सीटमध्ये 2 इंच ढिलाई. झाले 29 आणि 40. फरक 11 इंच. हे 11 इंच कुठे घालवायचे, एवढाच खरा प्रश्न! साइडच्या दोन शिवणींच्या चार कडांना एकेक, म्हणजे 4. मागे सव्वा इंचाचे चार डार्ट, म्हणजे 5. पुढे एकेक इंचाचे दोन. डार्ट म्हणजे कापडातून काढलेली पाचर (हा शब्द वर्कशॉपमधल्या मामांचा, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुठला यायला!). पाचर मिटली की सपाट कापडाचा कोन होतो. पोटाची गोलाई वर असते म्हणून पुढचे डार्ट चार इंचांच्या आत संपवायचे, मागचे पाच-साडेपाचपर्यंत न्यायचे.

आता सीट तीच 38, पण कंबर 34. फरक उरला फक्त 5. कडांना अर्धा-अर्धा, मागे एकेक इंचाचे दोन, पुढे अर्ध्याचे दोन. रेडीमेडमध्ये या दोघींच्या हातात एकच साइज पडतो. मग एकीच्या कंबरेत मूठ जाते, दुसरीचा हूक लागत नाही, आणि दोघी म्हणतात, “माझी फिगरच बेकार.” अगं, फिगर नाही, डार्ट!

लोक सर्रास विसरतात ते पुढचं. कंबरेला इलॅस्टिक बांधून पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत मोजायचं. पोट असेल तर पुढचं माप जास्त येतं. तेवढी कंबरेची रेघ पुढे वर घ्यायची, नाहीतर स्कर्ट पुढून चढतो. माझ्या विंगमधल्या एकीची उजवी बाजू पाऊण इंच जास्त भरली. तिचा स्कर्ट कायम तिरका पडायचा आणि टेलर दर वेळी तिलाच “नीट सरळ उभी राहा” म्हणायचा. शाळा सुटल्यापासून तिने स्कर्ट घातलाच नव्हता. आम्ही कापड घडीवर न कापता डावा-उजवा पॅटर्न वेगळा काढला. कॅम्पस इंटरव्ह्यूला ती तोच काळा स्कर्ट घालून गेली.

एवढा व्याप नको असेल तर फुल सर्कल. कंबर भागिले दोन पाय. 28 ला त्रिज्या साधारण साडेचार इंच. घेर एवढा मोठा की सीट मोजायलाच नको. फक्त एक रात्र हँगरला टांगून ठेवा आणि मगच खालची दुमड घाला, कारण तिरक्या धाग्यावरचं कापड ओघळतं.

पॅटर्न ब्राउन पेपरवर काढा, शिलाईला माया सोडा, आधी मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर शिवून बघा. आणि पॅटर्नवर तारीख जरूर टाका. मेसच्या फीस्टनंतर मापं पुन्हा घ्यावी लागतात.